डोंगरउतारावरील घरें आणि त्यांची छाननी



नगरपालिका किंवा ग्रामपंचायत म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें दिवाबत्ती, गटारें, नळाचें पाणी आणि घरपट्टी इतक्याच गोष्टी उभ्या राहतात. परंतु ह्या स्थानिक संस्थांकडे कायद्यानें आणखी एक काम सोंपविलेलें आहे, आणि तें म्हणजे घर कोठें बांधूं द्यावयाचें नाहीं हें ठरविण्याचें. सपाट जमिनीवर ह्या कामांत चूक झाली तर रस्ता अरुंद राहतो, एखादा ओढा बुजतो, शेजाऱ्याच्या माजघरांत उजेड येत नाहीं. डोंगराच्या उतारावर तीच चूक झाली तर तिचें फळ खालच्या गांवाला, आणि कधीं कधीं दूरच्या शहरालाही, भोगावें लागतें. म्हणून डोंगरावरील नव्या वस्तीची योजना कोणीं तपासावी, केव्हां तपासावी आणि कोणत्या मापानें तपासावी, ह्या तीन प्रश्नांचा महाराष्ट्रांतील इतिहास आज आपणांस सांगण्याचें मीं योजिलें आहे.

आपण नगरकर मंडळी अवर्षणाच्या मुलखांतलीं. डोंगरांचा आणि आपला संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध पाण्याचा आहे. निजामशाहींत नगर शहराला पाणी मिळालें तें कापूरवाडी, शेंडी, वडगांव ह्या बाजूंच्या उंचावरून खापरी नळांनीं आणलेलें. आणि आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुका सह्याद्रीच्या कण्यावरच बसलेला आहे. तेथील कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर, म्हणजे साऱ्या महाराष्ट्रांत उंच. त्या डोंगरांत पडलेला पाऊस प्रवरेनें खालीं येतो. भंडारदऱ्याचें धरण १९१० सालीं सुरू होऊन १९२६ सालीं पुरें झालें, आणि त्याच पाण्यावर श्रीरामपूर, राहाता ह्या भागांतील ऊस उभा राहिला. घाटमाथ्यावरील माती सुटली तर ती कोठें येऊन बसणार, हें ह्या धरणाच्या भिंतीकडे पाहिलें म्हणजे निराळें सांगावें लागत नाहीं.

केवळ हवेसाठीं डोंगरावर घर बांधण्याची हौस आपली मूळची नव्हे. आपले लोक वर गेले ते किल्ल्यासाठीं, देवासाठीं, नाहीं तर गुरांच्या चाऱ्यासाठीं. आणि जे पिढ्यान्‌पिढ्या वरच राहिले त्यांनीं घरें बांधलीं तीं पठारावर, पाण्याच्या जवळ आणि वाऱ्याच्या आडोशास. थंड हवेचें ठिकाण ही साहेबाची कल्पना. सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतां १८२९ सालीं त्यांनीं साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज ह्यांजकडून महाबळेश्वर घेतलें आणि त्याच्या मोबदल्यांत खंडाळा हें गांव दिलें. त्या जागेची छाननी काय ती एवढीच, कीं एका राज्यकर्त्यानें दुसऱ्याशीं अदलाबदल केली. पुढें १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांना माथेरानचें पठार आढळलें, आणि लौकरच तेथें त्यांनीं स्वतःसाठीं घरही उभारलें. जागा शोधणारा, ती देणारा आणि तिजवर राहणारा, हे तिघे येथें एकच गृहस्थ होते. त्या काळीं ह्यांत कोणाला विशेष वाटलें नाहीं. पण ही गोष्ट आपण लक्षांत ठेवावी, कारण दीडशें वर्षांनंतर ती निराळ्या वेषांत पुनः आपल्यापुढें येणार आहे.

तरीही माथेरानविषयीं एक गोष्ट त्या जुन्या कारभाराच्या पदरांत घातली पाहिजे. १९०५ सालीं तेथें नगरपालिका झाली, १९०७ सालीं नेरळहून लहान आगगाडी वर गेली, आणि मोटारींना मात्र गांवांत मज्जाव राहिला. मोटार नाहीं म्हणून रुंद रस्ता नाहीं, रुंद रस्ता नाहीं म्हणून डोंगराचा कडा कापणें नाहीं. एका साध्या नियमानें केवढें काम केलें पहा! पुढें केंद्र सरकारनें महाबळेश्वर-पांचगणीचा प्रदेश २००१ सालीं आणि माथेरानचा २००३ सालीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला.

आतां कायद्याकडे वळूं. नगररचनेचा पहिला कायदा हिंदुस्थानांत झाला तो आपल्याच मुंबई इलाख्यांत, १९१५ सालीं. १९५४ च्या कायद्यानें प्रत्येक नगरपालिकेवर आपल्या सबंध हद्दीचा विकास आराखडा करण्याची जबाबदारी टाकली, आणि १९६६ सालीं महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला, तोच अद्याप चालू आहे. ह्या कायद्याचा जीव त्यांतील एका क्रमांत आहे. आराखड्याचा मसुदा प्रथम प्रसिद्ध करावयाचा. ठराविक मुदतींत कोणाही नागरिकाची लेखी हरकत अगर सूचना घ्यावयाची. नंतर स्थायी समितीचे तीन सभासद आणि बाहेरचे चारपर्यंत जाणकार अशा नियोजन समितीनें हरकतदाराला समोर बोलावून ऐकून घ्यावयाचें. आणि मग आराखडा सभेपुढें व शेवटीं सरकारकडे जावयाचा. ह्यांत वेळ फार जातो, आणि सुनावण्या कंटाळवाण्या असतात हेंही खरें. परंतु ज्याची जमीन आहे तो, ज्याच्या विहिरीचें पाणी आहे तो, आणि ज्याला नकाशा वाचतां येतो तो, अशीं तीन माणसें एका टेबलाशीं येण्याची सोय आपल्या कारभारांत दुसरीकडे क्वचित्‌च आढळेल.

१९९६ सालीं राज्य सरकारनें नव्या गिरिस्थानांसाठीं खास नियम केले. खाजगी भांडवलानें सह्याद्रींत नवीं थंड हवेचीं ठिकाणें उभीं रहावीं, हा त्यांचा हेतु. ह्याच धोरणाखालीं २००१ सालीं पुणें जिल्ह्यांतील मुळशी आणि त्या वेळचा वेल्हे ह्या तालुक्यांतील अठरा गांवें गिरिस्थान म्हणून जाहीर झालीं. हें मोसे नदीचें खोरें. त्याच नदीवर वरसगांवचें धरण आहे आणि त्याचें पाणी खडकवासल्याच्या वाटेनें पुणें शहराला मिळतें. धरणाच्या फुगवट्याच्या कांठीं, दासवें ह्या गांवापासून आरंभ करून, ‘लवासा’ नांवाचें शहर बांधण्याचें काम एका कंपनीनें हातीं घेतलें. मार्च २००४ मध्यें राज्याच्या पर्यावरण खात्यानें २,००० हेक्टरांच्या, म्हणजे सुमारें पांच हजार एकरांच्या, पहिल्या टप्प्यास मंजुरी दिली. इटलींतील पोर्तोफिनो ह्या बंदराच्या धर्तीवर रंगीत घरांची ओळ पाण्याकांठीं उभी राहिली. बांधणी सुबक होती, ह्यांत शंका नाहीं. आजही तेथें जाणारा मनुष्य प्रथमदर्शनीं खूष होतो.

परंतु आपला विषय छाननीचा आहे. २००८ सालीं सरकारनें ह्या कंपनीलाच त्या क्षेत्रापुरतें विशेष नियोजन प्राधिकरण नेमलें. शब्द जड आहे. अर्थ इतकाच, कीं जें काम पुण्यांत महानगरपालिका करिते, तें येथें बांधणाऱ्याच्याच हातीं आलें. नकाशा काढणारा आणि नकाशावर सही करणारा एकाच घरांतले. मॅलेटसाहेबांची आठवण मीं मघाशीं ठेवण्यास सांगितली ती ह्यासाठीं. मॅलेट निदान परक्या राजवटीचा नोकर होता आणि कायदाही तेव्हां नव्हता. येथें स्वराज्यांतील लोकनियुक्त सरकारनें, कायदा समोर असतां, हें केलें. अठरा गांवांच्या ग्रामपंचायती कागदावर होत्याच, पण त्यांच्या डोक्यावरून सारा कारभार गेला. एखाद्या शेतकऱ्याला आपल्या ओढ्याविषयीं तक्रार करावयाची झाली तर त्यानें ती कोणापुढें करावी? ज्याच्याविरुद्ध ती करावयाची त्याच्याचपुढें.

२५ नोव्हेंबर २०१० रोजीं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें काम थांबविण्याविषयीं नोटीस काढली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत गेलें. जानेवारी २०११ मध्यें मंत्रालयाची समिति जागेवर जाऊन आली, आणि त्याच महिन्यांत मंत्रालयानें ठरविलें कीं १९९४, २००४ व २००६ ह्या तिन्ही सालांच्या केंद्रीय अधिसूचनांचा भंग झाला आहे. तथापि नोव्हेंबर २०११ मध्यें अनेक अटी घालून पहिल्या टप्प्यास मंजुरीही मिळाली. डोंगर कापून झाले होते, रस्ते झाले होते, घरें विकलीं गेलीं होतीं. नकार देऊन तें सारें पूर्ववत् होणार होतें थोडेंच! २०१७ सालीं राज्य सरकारनें कंपनीचें नियोजनाचें अधिकारपद काढून घेतलें आणि तें पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिलें. २०१८ सालीं कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढें गेली. फेब्रुवारी २०२२ मध्यें उच्च न्यायालयानें ह्याच विषयावरील एका जनहितयाचिकेचा निकाल देतांना, अर्ज फार विलंबानें आला आहे ह्या कारणास्तव हात घालण्याचें नाकारलें. ज्या प्रश्नांची चौकशी पहिली कुदळ पडण्यापूर्वीं दासव्याच्या चावडींत व्हावयाची, ती वीस वर्षांनीं मुंबईच्या न्यायमंदिरांत झाली, आणि तेव्हां वेळ टळून गेली होती.

ह्या वादांत एक मुद्दा असा निघाला कीं, त्याचा उल्लेख केल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं. १९९४ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणें, समुद्रकिनारा वगळतां, पर्यटनाच्या योजनेला दिल्लीची परवानगी लागे ती जागेची उंची १,००० मीटरांहून अधिक आणि भांडवल पांच कोटींहून अधिक असेल तेव्हां. आपली जागा हजार मीटरांच्या खालीं आहे, सबब दिल्लीची परवानगी आपणांस नकोच, असें कंपनीचें म्हणणें होतें. आतां विचार करा. आपलें भंडारदरा हजार मीटरांच्या बरेंच खालीं आहे. माथेरानचें पठारही हजाराला पोंचत नाहीं. हिमालयाच्या पायथ्याशीं बसून मोजणाऱ्याला हजार मीटर म्हणजे डोंगराचा आरंभ वाटत असेल. सह्याद्रींत त्या मापाखालीं अर्धे डोंगर डोंगरच राहत नाहींत! २००४ च्या जुलैंत नियम बदलला आणि एक हजार माणसांची वस्ती, दिवसाला पन्नास हजार लिटर सांडपाणी किंवा पन्नास कोटींचा खर्च, ह्यांपैकीं कांहींही ओलांडलें कीं परवानगी लागूं लागली. हें माप पुष्कळ बरें. तरी त्यांतही उताराचा पत्ता नाहीं.

आणि डोंगरावर खरें माप उताराचें. शाळेंत भूमिति शिकवितांना मी मुलांना एक उदाहरण घालीत असें, तें येथें उपयोगी पडेल. पांच मीटर आडवें गेल्यावर एक मीटर चढ लागला तर तो उतार एकास पांच. कोन सुमारें अकरा अंशांचा. अशा जागीं दहा मीटर खोलीचें घर बांधावयाचें तर मागची भिंत पुढच्या भिंतीहून दोन मीटर उंच जमिनीवर येते. तितकें कापून सपाट करतां येतें आणि मागें दगडी ताल घालून माती धरतां येते. हाच उतार एकास दोन असेल तर मागें पांच मीटरांची उभी कड कापावी लागते. आपल्या सह्याद्रीचा काळा खडक थरांथरांचा. थरांच्या मध्यें मुरूम आणि माती. पावसाळ्यांत ही माती पाणी पिऊन जड होते, आणि खालचा आधार कापलेला असला म्हणजे वरचा भार कशावर राहणार? पुण्याच्या बांधकाम-नियमांत एकास पांचाहून अधिक चढाच्या जमिनीवर बांधकाम करूं नये असा जो निर्बंध आहे, त्याच्या मुळाशीं एवढाच हिशेब आहे. २०२० सालीं राज्यांतील बहुतेक शहरांसाठीं जी एकत्रित नियमावली झाली तींतही हा निर्बंध आला.

पुण्याचें नांव निघालें तर त्या शहराच्या टेकड्यांची हकीकत सांगितलीच पाहिजे, कारण लवासाच्या शेजारीं ती ठेवून पाहण्यासारखी आहे. १९९७ सालीं भोंवतालचीं गांवें पुणें महानगरपालिकेंत आलीं. त्यांपैकीं बाणेर, वारजें, कात्रज इत्यादि तेवीस गांवांचा आराखडा करितांना तेथील सुमारें ९७८ हेक्टर टेकड्या जैवविविधता उद्यान म्हणून राखून ठेवाव्या असें सुचविण्यांत आलें. मग जें सुरू झालें तें पाहून कोणीही म्हणावें कीं लोकशाही म्हणजे उशीर. टेकड्या राखा म्हणणाऱ्या नागरिकांचे अर्ज आले. जमीनमालकांच्या हरकती आल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ खोट्या नव्हत्या. आजोबांच्या वेळची वरकस जमीन. शेजाऱ्याच्या सपाट जमिनीला सोन्याचा भाव, आणि आपल्यावर मात्र झाडें लावण्याची सक्ति. हें दुःख खरेंच आहे. थोड्या प्रमाणांत तरी बांधूं द्या, अशी मागणी होऊं लागली. २००५ सालीं महानगरपालिकेच्या सभेनें आरक्षण मान्य केलें. सरकारनें बाकीचा आराखडा मंजूर करून हा भाग दहा वर्षें लोंबकळत ठेवला, आणि २०१५ सालीं तो मान्य करितांना मालकांस मोबदला म्हणून आठ टक्के हस्तांतरणीय विकासहक्क देऊं केला. मालकांना तो अपुरा वाटला. जमीन ताब्यांत घेण्याचें काम त्यानंतरही रेंगाळलें, आणि ठिकठिकाणीं चोरून बांधकामें झालीं तीं निराळींच.

म्हणजे पुण्यांत सारें उत्तम झालें असें माझें म्हणणें नाहीं. पण तेथें वाद झाला तो बांधण्यापूर्वीं झाला, आणि उघड्यावर झाला. मालकाचें नुकसान किती आणि तें कोणीं भरून द्यावें, हा प्रश्न आंकड्यांत मांडला गेला. मोसे खोऱ्यांत तो प्रश्न मांडण्यास जागाच नव्हती.

छाननी चुकली किंवा मुळीं झालीच नाहीं तर काय होतें, ह्याचीं उदाहरणें देतांना वाणी जड होते. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण हें गांव डोंगराखालीं गेलें. १५१ माणसें दगावलीं. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडी. हीं कांहीं श्रीमंतांचीं गिरिस्थानें नव्हत, गरिबांचीं जुनीं गांवें होतीं. आणि तेथें कारण मुख्यतः अतिवृष्टीचें. म्हणून ह्यांचा आणि नव्या वसाहतींचा संबंध जोडण्यांत घाई करूं नये. परंतु ओल्या उतारावर माणसाचें घर किती बेभरंवशाचें असतें, हें त्यांनीं दाखविलें. ह्याच धड्यासाठीं हाँगकाँगला मोठी किंमत द्यावी लागली. १८ जून १९७२ ह्या एका दिवशीं तेथें साऊ माऊ पिंग आणि पो शान ह्या दोन ठिकाणीं दरडी कोसळून १३८ माणसें मेलीं. १९७६ सालीं साऊ माऊ पिंग येथें पुनः तेंच झालें. तेव्हां १९७७ सालीं सरकारनें केवळ उतार तपासणारें एक स्वतंत्र खातें काढलें. उतारावरील बांधकामाचे नकाशे तेथील भूतंत्रज्ञांच्या नजरेखालून जाऊं लागले, आणि शहरांतील कापलेल्या व भरलेल्या उतारांची नोंदवही तयार झाली. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीं अशी एखादी नोंदवही असती तर!

आतां पुनः अकोल्याकडे. पश्चिम घाटाच्या रक्षणाचा विचार करण्यास केंद्र सरकारनें २०१० सालीं डॉक्टर माधव गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखालीं मंडळ नेमलें. घाटांत नवीं गिरिस्थानें होऊं देऊं नयेत, आणि कोणता प्रदेश किती राखावा हें ठरविण्यांत ग्रामसभांचा आवाज असावा, असें २०११ च्या त्या अहवालाचें मत. नंतर डॉक्टर कस्तुरीरंगन ह्यांच्या गटानें २०१३ सालीं निराळा अहवाल दिला आणि त्यावरून मार्च २०१४ मध्यें अधिसूचनेचा पहिला मसुदा निघाला. महाराष्ट्रांतील १७,३४० चौरस किलोमीटर प्रदेश त्यांत आहे, व अकोले तालुक्यांतील कांहीं गांवेंही आहेत. खेड्यांतून ह्याला विरोध झाला, कारण आतां आपल्याला गोठाही बांधतां येणार नाहीं असें लोकांस वाटलें, किंवा वाटविण्यांत आलें. वस्तुतः मसुद्यांतील बंदी २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामावर आणि पन्नास हेक्टरांच्या अगर त्याहून मोठ्या वसाहतींवर आहे. २०,००० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ पांच एकरांची जमीन छपराखालीं! रतनवाडीच्या कोणा शेतकऱ्याला एवढें घर बांधावयाचें आहे? पण हें त्याला त्याच्या भाषेंत, त्याच्या चावडींत बसून, कोणीं समजावून सांगितलें, हाच प्रश्न आहे.

मसुदे पुनःपुनः निघाले. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ रोजीं. त्याच्या आदल्याच दिवशीं, म्हणजे माळीणच्या बरोबर दहा वर्षांनीं त्याच तारखेस, केरळांत वायनाडचा डोंगर खचून शेंकडों माणसें गेलीं होतीं. हरकतींसाठीं मुदत साठ दिवसांची. मसुदा छापला गेला तो दिल्लीच्या राजपत्रांत, हिंदी आणि इंग्रजी ह्या दोन भाषांत. ते साठ दिवस म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. घाटघर, साम्रद, रतनवाडी ह्या बाजूला तेव्हां पावसाची झड लागलेली असते, आणि ज्यांनीं हरकत किंवा संमति लिहून द्यावयाची तीं माणसें गुडघाभर चिखलांत भाताच्या खाचरांत उभीं असतात.